जादूचा खर्च कोणाच्या खात्यावर?

उन्हाळी सुट्टीतल्या नाट्यशिबिरात मी मुलांना गोष्ट रचायला शिकवते. तिथे महाभारताच्या खालोखाल ज्या दोन गोष्टींवरून भांडणं होतात, त्या दोन्ही कार्टून मालिका आहेत. एक ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’, निकलोडियनची, २१ फेब्रुवारी २००५ ला सुरू होऊन १९ जुलै २००८ ला संपलेली. दुसरी नेटफ्लिक्सवरची ‘द ड्रॅगन प्रिन्स’, सप्टेंबर २०१८ ते डिसेंबर २०२४. दोन्हींत पाणी, माती, वारा, आग यांच्यावर हुकमत चालवणारी माणसं आहेत, दोन्हींत जुनं युद्ध धुमसतंय आणि दोन्हींत ते थांबवायला मोठ्यांऐवजी पोरंच घराबाहेर पडली आहेत. शिवाय रक्ताचं नातंही आहे. ‘अवतार’ घडवली मायकल डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्स्को यांनी. पण तिच्या लेखकांचा म्होरक्या होता ॲरन इहाझ, आणि त्याच इहाझने पुढे जस्टिन रिचमंडबरोबर ‘ड्रॅगन प्रिन्स’ उभी केली. तेव्हा तुलना अटळ आहे. शिबिरातली मुलं ती करतात, घरी माझा भाचा करतो, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांपेक्षा जास्त मी करते. त्या भांडणांतून जे हाती लागलं ते इथे मांडते. दोन्ही मालिका पाहायच्या राहिल्या असतील तर पुढे बरीच गुपितं फुटणार आहेत, आधीच सांगून ठेवते.

१. शक्तींचा तक्ता करत बसू नका

मुलं सुरुवात हमखास तक्त्याने करतात. डावीकडे ‘अवतार’ची चार तत्त्वं: पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू. उजवीकडे ‘ड्रॅगन प्रिन्स’चे सहा मूलस्रोत: सूर्य, चंद्र, तारे, आकाश, धरती, समुद्र. मग रेघा ओढायच्या आणि ‘कोण कोणाला हरवेल’ यावर संध्याकाळ घालवायची. मजा येते, पण गोष्ट हाती लागत नाही.

कारण तत्त्व या दोन जगांत वेगवेगळं काम करतं. ‘अवतार’मध्ये तत्त्व म्हणजे देश. अग्निराष्ट्र, पृथ्वीचं साम्राज्य, ध्रुवांवरच्या जलजमाती, वायुभटके. आग हातातून काढता येणारा माणूस कुठल्या राजाची प्रजा आहे हे त्याच्या हाताकडे बघून कळतं. म्हणून तिथलं युद्ध हे एका राष्ट्राने बाकीच्या तिघांवर लादलेलं युद्ध आहे. ‘ड्रॅगन प्रिन्स’मध्ये ही शक्ती एल्फ आणि ड्रॅगन यांना जन्मतः मिळते, माणसाला काहीच मिळत नाही. त्या जगातला माणूस रिकाम्या हाताने जन्मतो, आणि सगळं कथानक त्या रिकाम्या हातातून निघतं. पहिल्या गोष्टीत ‘तुझ्याकडे कुठली शक्ती आहे’ हा प्रश्न आहे, दुसरीत ‘तुझ्याकडे नाही, मग तू काय करणार’ हा. तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहाल?

२. शक्ती कुठून येते यापेक्षा तिचा खर्च कोण उचलतो ते विचारा

मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न हा.

‘अवतार’मध्ये खर्च स्वतःच्या अंगावर असतो. तिथली प्रत्येक विद्या खऱ्या चिनी युद्धकलेवर बेतलेली आहे: पाण्यासाठी ताय ची, पृथ्वीसाठी हुंग गार, आगीसाठी उत्तरेकडची शाओलिन पद्धत, वाऱ्यासाठी गोल गोल फिरत चालणारी बा गुआ. मालिकेने त्यासाठी सिफू किसू हा युद्धकलेचा जाणकार सोबत ठेवला होता, आणि ते पडद्यावर दिसतं. पाय कसे रोवलेत, वजन कुठल्या टाचेवर आहे, श्वास कुठून सुटतोय, यावर विद्या चालते किंवा फसते. टॉफ ही आंधळी मुलगी पृथ्वीची विद्या शिकते ती जमिनीखालच्या आंधळ्या प्राण्यांकडून, तळपायाने कंपनं वाचत. अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको याचा राग ओसरतो तेव्हा त्याची आगही विझू लागते. मग त्याला आणि कथानायक आंगला, म्हणजे चारही तत्त्वांवर हुकमत मिळवू शकणाऱ्या अवताराला, ड्रॅगनांच्या समोर उभं राहून आग म्हणजे नुसता संताप नव्हे हे नव्याने शिकावं लागतं. गुरू पथिकचा भाग तर आपल्याकडच्या प्रेक्षकाला घरचाच वाटतो. सात चक्रं, प्रत्येकावर एकेक अडथळा: भय, अपराधीपणा, लाज, शोक, खोटेपणा, भ्रम आणि शेवटी आसक्ती. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ज्या घरात वाचला जातो त्या घरातल्या आजीला हा भाग दाखवून बघा. ती पोरांपेक्षा आधी पुढचं सांगेल.

‘ड्रॅगन प्रिन्स’मध्ये रिकाम्या हाताच्या माणसाने एक आडवाट शोधली आहे, काळी जादू. जादुई प्राण्याचा जीव पिळायचा आणि त्यातून मंत्र चालवायचा. मंत्र माझा, मरण दुसऱ्याचं. इथेच दोन्ही मालिका वेगळ्या होतात. कॅलम हा कॅटोलिस राज्याच्या राजाचा सावत्र मुलगा. त्याच्या हाती एक मूलस्रोताचा गोळा लागतो, आकाशाची शक्ती भरलेला, आणि पहिल्यांदाच त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटू लागतं. पहिल्या पर्वाच्या शेवटी ड्रॅगनच्या अंड्यातलं पिल्लू वाचवायचं तर तो गोळा फोडावा लागतो. तो फोडतो. दुसऱ्या पर्वात तो एकदाच काळी जादू वापरतो आणि तापाने फणफणतो. त्या ग्लानीतच त्याला आकाशाचं मर्म उमगतं आणि माणूस असूनही गोळ्याशिवाय विद्या येते. म्हणजे कॅलम एका जगाच्या नियमातून निघून दुसऱ्या जगाच्या नियमात जातो. दुसऱ्याच्या जिवावरची जादू सोडून स्वतःच्या श्वासावरची जादू घेतो. तो ‘अवतार’मधला विद्यार्थी बनतो म्हणा ना.

उलट बाजूही आहे. ‘अवतार’मध्ये हमा नावाची म्हातारी येते, पौर्णिमेच्या रात्री माणसाच्या शरीरातलं रक्तच पाण्यासारखं वळवणारी. ती ही विद्या शत्रूच्या तुरुंगात शिकली आहे, तिथल्या उंदरांवर हात बसवून. आंगची सोबतीण, पाण्याची विद्या येणारी कटारा ती शिकते आणि रडते. त्या एका भागापुरती ‘अवतार’ काळ्या जादूच्या हद्दीत पाऊल टाकते.

३. पात्रांच्या जोड्या जुळवल्या की पात्रं मरतात

‘कॅलम म्हणजे सॉकाच.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता हसूही येत नाही. दोघांचा आवाज एकाच नटाचा, जॅक डीसेनाचा. दोघं विनोदी, दोघांनाही सुरुवातीला विद्या येत नाही. झालं, जोडी जुळली. पण ‘अवतार’मधल्या सॉकाला, कटाराच्या भावाला, विद्या शेवटपर्यंत येत नाही, आणि त्याची गोष्ट तिथेच रंगते. तो योजना आखतो, नकाशे काढतो, तलवार घडवायला शिकतो, आपल्या बहिणीच्या आणि मैत्रिणींच्या पराक्रमाच्या सावलीत राहून स्वतःची जागा करतो. कॅलमला मात्र नसलेली गोष्ट हवी आहे. हवं असणं आणि नसण्याशी जमवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आवाज एक असला तरी.

‘रेला म्हणजे झुको’ हे त्याहून जवळचं वाटतं. दोघंही शत्रूच्या गोटातून आलेले, दोघांवरही कामगिरी सोपवलेली. पण झुकोने कामगिरी उराशी धरली आहे आणि तो ती पूर्ण करण्यासाठी तडफडतो. रेला पहिल्याच रात्री चुकारपणा करते: राजाला मारायला निघालेल्या एल्फ मारेकऱ्यांच्या पथकातली ही सर्वांत लहान पोर, समोरच्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांतली भीती बघून त्याला जाऊ देते, आणि त्यामुळे किल्ला सावध होतो. तिच्या मनगटावर शपथेचा फास बांधलेला आहे. ठरलेला राजपुत्र मरेपर्यंत तो आवळत जातो. ती राजपुत्र एझरनला मारत नाही आणि हात हळूहळू निकामी होत जातो. कुठलंच पातं त्या फासाला कापू शकत नाही. शेवटी तो तोडतं नुकतं अंड्यातून बाहेर आलेलं ड्रॅगनचं पिल्लू, दातांनी. झुकोचं परिवर्तन तीन पर्वं घेतं. रेलाचं पहिल्याच भागात झालेलं असतं, आणि तिची पुढची सगळी गोष्ट त्याची किंमत चुकवण्याची आहे.

४. व्हिलन कळायला त्याची मुलं बघा

शिबिरात मी मुलांना सांगते, राक्षस किती उंच आहे ते नका सांगू. तो जेवायला बसल्यावर पोरांशी कसं बोलतो ते लिहा. हे मी या दोन मालिकांतल्या दोन बापांकडून शिकले, आणि दोन्हींतला सगळ्यात सरस भाग मला हाच वाटतो.

ओझाय हा अग्निराष्ट्राचा सम्राट. पहिली दोन पर्वं त्याचा चेहराही नीट दाखवत नाहीत. त्याची ओळख आपल्याला होते ती मुलाच्या चेहऱ्यावरून: झुकोच्या डाव्या डोळ्यावर पसरलेला भाजल्याचा डाग. तेरा वर्षांचा झुको युद्धाच्या बैठकीत बोलून जातो की कोवळ्या सैनिकांना आमिष म्हणून मरायला पाठवणं बरोबर नाही. त्याबद्दल द्वंद्व ठरतं. समोर सेनापती असेल असं पोराला वाटतं. उभा असतो बाप. पोर गुडघे टेकतं, लढत नाही. बाप तोंड भाजून काढतो आणि देशाबाहेर घालवतो. अवतार पकडून आणलास तरच परत ये, आणि अवतार तर शंभर वर्षं कोणी पाहिलेला नाही.

मराठी वाचक झुकोला चटकन ओळखतो याचं एक कारण माझ्या मते ‘मृत्युंजय’ आहे. शिवाजी सावंतांची ती कादंबरी १९६७ ची. तिच्यामुळे आपल्याकडे कर्णाची बाजू घेणं हा जवळजवळ स्वभाव झाला. ज्याने मान दिला त्याच्या पायाशी, तो चुकतोय हे कळत असूनही, उभं राहणं. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी बा सिंग से शहराखालच्या गुहेत झुको हेच करतो. काकाने नवं आयुष्य दिलेलं असतं, कटारा त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार झालेली असते, आणि तो बहीण अझुलाच्या बाजूने लढतो कारण तिने घरी परत न्यायचं कबूल केलंय. माझ्या भाच्याने तेव्हा उशी फेकून मारली होती पडद्यावर. पण तिसऱ्या पर्वात ग्रहणाच्या दिवशी, अग्नीची विद्या जगभर लुळी पडलेली असताना, झुको बापासमोर जाऊन त्याला तोंडावर सांगतो की तू केलंस ते क्रौर्य होतं, आणि निघून जातो. कर्णाला जे जमलं नाही ते हा पोरगा करतो. आपल्या घरात तो प्रसंग बघताना सगळे गप्प होतात.

आता दुसरा बाप. व्हिरेन हा कॅटोलिसचा राजा हॅरो याचा महामांत्रिक आणि जिवलग मित्र. ओझायसारखा तो पोरांना भाजत नाही. मुलगा सोरेन हा राजरक्षक, अंगापिंडाने दणकट आणि विनोद करून स्वतःच हसणारा. मुलगी क्लॉडिया हुशार, वेंधळी, काळ्या जादूत बापाची वारसदार. तिघांत खरं प्रेम दिसतं, आणि भीती वाटते ती त्या प्रेमाचीच. दोघांना कामगिरीवर पाठवताना व्हिरेन दोघांच्या कानात वेगवेगळं बोलतो. सोरेनला सुचवतो की राजपुत्र परत आले नाहीत तर बरं. क्लॉडियाला सांगतो की अंडं की भाऊ अशी वेळ आली तर अंडं निवड.

वेळ येते. ड्रॅगनशी झालेल्या झटापटीत सोरेन मानेखाली लुळा पडतो. क्लॉडिया भावाला निवडते. अंड्यातून निघालेलं पिल्लू जाऊ देते आणि एका कोवळ्या हरणाचा जीव घेऊन भावाला उभं करते. तिच्या काळ्या केसांत पांढरी बट येते. तो प्रसंग मालिकेने फार हळुवार केलाय, आणि म्हणूनच तो मला पुनःपुन्हा आठवतो: तिने बापाची आज्ञा प्रेमापोटी मोडली, आणि मोडण्यासाठी बापाचंच हत्यार वापरलं. पुढे सोरेन विचारतो, राजपुत्रांना मारायला तुम्ही सांगितलं होतं ना? व्हिरेन सरळ नाही म्हणतो. क्लॉडियाला कोणाचं तरी खरं मानावं लागतं. ती बापाचं मानते.

म्हणून अझुला आणि क्लॉडिया यांना शेजारी बसवू नये असं मी म्हणते. अझुला बापाला घाबरते आणि भीतीवर राज्य करते. मैत्रिणी उलटल्या आणि शेवटी बापानेही तिला मागे ठेवून स्वतः जगाचा सम्राट व्हायला प्रस्थान ठेवलं, की ती आतून मोडते. आरशात हरवलेली आई दिसू लागते. क्लॉडियाला मोडायला काही कारणच नाही. तिला आई सोडून गेली आहे, भाऊ सोडून जातो, उरलेल्या एका माणसाला धरून ठेवण्यासाठी ती काहीही करायला तयार आहे. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी बाप कड्यावरून कोसळून मरतो, आणि ती त्याला परत आणते. अझुलाची कीव येते. क्लॉडियाची मात्र काळजी वाटते, आणि काळजी जास्त दमवते.

५. काका आणि मावशी यांना कमी लेखू नका

आयरो हा झुकोचा थोरला काका. बा सिंग सेला सहाशे दिवस वेढा घालून बसलेला सेनापती, आणि त्याच वेढ्यात मुलगा गमावून परतलेला बाप. चहाचं वेड, पोटाचा घेर आणि तोंडात सदैव काहीतरी शहाणपणाचं बोलणं यामुळे लोक त्याला गोड म्हातारा समजतात. त्याच शहरात टेकडीवर मुलाच्या तसबिरीपुढे बसून तो गातो, ती दोन-तीन मिनिटं हा मालिकेचा कळस आहे असं माझं मत आहे. तो प्रसंग आयरोला आवाज देणारे नट माको यांच्या स्मृतीला वाहिलेला आहे. ते जुलै २००६ मध्ये वारले.

‘ड्रॅगन प्रिन्स’मध्ये त्या जागेवर आहे अमाया, राजपुत्रांची मावशी, सीमेवरची सेनापती. ती बहिरी आहे आणि अमेरिकन खुणांच्या भाषेत बोलते. बहुतेक वेळा शेजारचा दुभाषी ते बोलून दाखवतो, कधीकधी मुद्दाम कोणीच सांगत नाही आणि प्रेक्षकाने हात वाचायचे असतात. मी स्वतः मावशी असल्याने माझं मत निःपक्षपाती नाही.

६. ‘सुरुवात कोणी केली’ हा प्रश्न विचारून बघा

‘अवतार’ला याचं उत्तर आहे. अग्निसम्राट सोझिनने केली. धूमकेतूच्या दिवशी आगीची विद्या शतपट वाढते, त्या दिवशी त्याने वायुभटक्यांची सगळी जमात कापून काढली. आंग हिमनगात गोठलेला होता म्हणून वाचला. घरी परततो तेव्हा ओस पडलेल्या मठात त्याला गुरूची हाडं सापडतात. मुलांच्या मालिकेत तिसऱ्याच भागात! गुन्हेगार कोण हे ठरलेलं आहे. तिथे प्रश्न एवढाच की त्याला थांबवायचं कसं.

‘ड्रॅगन प्रिन्स’ उत्तरच देत नाही. दुसऱ्या पर्वात राजा हॅरोच्या आठवणींत जी गोष्ट येते, ती मी शिबिरात दरवर्षी सांगते. शेजारच्या ड्युरेन राज्यात उपासमार आहे. हॅरोने आपल्या कोठारातलं अर्धं धान्य दिलं तर दोन्ही राज्यांतली माणसं मरतील, नाही दिलं तर एका राज्यातली. व्हिरेन तोडगा काढतो: सीमेपलीकडे लाव्हाचा एक महाकाय प्राणी आहे, त्याच्या हृदयाच्या जादूने जमीन पिकेल. ते जातात, मारतात, जमीन पिकते, हजारो पोरं वाचतात. परतताना ड्रॅगनांचा राजा पाठलाग करतो, त्यात राणी सराई मरते. मग सूडापोटी हॅरो आणि व्हिरेन त्या ड्रॅगनराजाला मारतात. त्याच्या सूडासाठी एल्फ मारेकरी येतात आणि हॅरो मरतो. तिथून आपली मालिका सुरू होते.

मुलांना विचारलं, व्हिरेन चुकला का? एका मुलीने विचारलं, धान्य किती होतं. मला ते फार आवडलं. पण उत्तर काही सापडलं नाही, आणि त्या प्राण्याला कोणीच विचारलं नव्हतं, हेही तिनेच म्हटलं.

७. वेळापत्रकाचाही परिणाम होतो

थोडक्यात सांगते. ‘अवतार’चे ६१ भाग, तीन पर्वं, शेवट ठाऊक असलेला प्रवास. टीव्हीवर आठवड्याला एक म्हणून प्रत्येक भाग आपल्यापुरता पुरा. म्हणूनच तिथे आडगोष्टींना जागा आहे, आणि ‘द ग्रेट डिव्हाइड’सारख्या कंटाळवाण्या भागालाही, ज्याची पुढे मालिकेनेच टिंगल केली. ‘ड्रॅगन प्रिन्स’ची सात पर्वं, प्रत्येकी नऊ भाग, सलग बघण्यासाठी विणलेले. तिथे कोणाला टेकडीवर बसून गायला सवड नाही. शिवाय तिसरं पर्व २०१९ चं आणि चौथं २०२२ चं. मधल्या काळात प्रेक्षक पोरं मिसरूड फुटण्याच्या वयाची झाली, आणि परत आलेली मालिका त्यांना पोरकट वाटली. त्यात मालिकेचा सगळाच दोष नाही.

८. शेवटावर भांडायचंच असेल तर नीट भांडा

‘अवतार’च्या शेवटावर जुना आक्षेप आहे. आंग भिक्खूंमध्ये वाढलेला, मांस न खाणारा बारा वर्षांचा मुलगा. ओझायला मारायला त्याचं मन घेत नाही. मागच्या जन्मांतल्या चार अवतारांना विचारतो, चौघंही कठोर व्हायला सांगतात. यांगचेन ही तर त्याच्याच जमातीची, तीसुद्धा म्हणते की जगापुढे तुझा आत्मा गौण आहे. आणि तेवढ्यात एक सिंहमुखी महाकासव वर येतं, आंगला नवीच विद्या देतं, माणसातली शक्ती काढून घेण्याची. ओझाय जिवंत, हात स्वच्छ. हे ऐनवेळचं सोंग आहे, असं लोक म्हणतात, आणि कासवाच्या बाबतीत मलाही ते मान्य आहे. थोडं आधी पेरायला हवं होतं. पण आंगने विद्या वापरली तेव्हा ओझायचा अंधार त्याला जवळजवळ गिळतो. हरला असता तर स्वतःच संपला असता. खर्च इथेही करणाऱ्याच्याच अंगावर आहे. आणि ज्यांना शेवट फार गोड वाटतो त्यांनी त्याआधीचा कटाराचा भाग काढून बघावा. आईच्या मारेकऱ्यापर्यंत ती पोचते, तो म्हातारा स्वतःच्या बदल्यात स्वतःची आई देऊ करतो, पावसाचे थेंब बर्फाचे भाले होऊन त्याच्या तोंडासमोर थांबतात. ती मारत नाही. क्षमाही करत नाही. आंगच्या कुठल्याच उपदेशात न बसणारी ही तिसरी वाट आहे, आणि मालिका ती सोडवून दाखवत नाही.

‘ड्रॅगन प्रिन्स’चं मला पटलेलं टोक सहाव्या पर्वात आहे. व्हिरेन मेला, लेकीने परत आणला, आणि परत आल्यावर आपल्यापायी ती कुठवर गेली हे बघून हबकला. शहरावर आग कोसळते आणि लोकांना वाचवण्याचा एकच मंत्र उरतो, तोही काळ्या जादूचा, ज्याला हृदय लागतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिवावर मंत्र चालवलेला हा माणूस त्या दिवशी स्वतःचं काढून देतो. माणसं वाचतात. सोरेनला बाप मिळतो तो असा.

शिबिरात यावर मतं फुटली. काहींना वाटलं, फिटलं सगळं. काहींना वाटलं, एका हृदयात एवढं कसं फिटेल. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण क्लॉडिया अजून तिकडेच आहे, कारस्थानी एल्फ आरावोसच्या सोबतीला, बापाने शिकवलेलीच विद्या घेऊन.

९. काय दाखवावं, काय टाळावं

सात-आठ वर्षांच्या मुलांना ‘अवतार’पासून सुरुवात करावी, ‘ड्रॅगन प्रिन्स’ दहाच्या पुढे, आणि दुसऱ्या पर्वातले हॅरोचे भाग मोठ्यांनी शेजारी बसून. ‘ड्रॅगन प्रिन्स’च्या पहिल्या पर्वात पात्रं अडखळत हलल्यासारखी दिसतात, ती तक्रार निर्मात्यांनी ऐकली आणि पुढच्या पर्वात बरीच सुधारणा केली, तेव्हा तेवढ्यावरून बंद करू नये. ‘अवतार’ची जित्याजागत्या नटांची मालिका नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये आणली, ती आधी मूळ पाहिलेल्यांनीच पाहावी. २०१० चा एम. नाइट श्यामलनचा सिनेमा मात्र दाखवू नये. वीस भागांचं पहिलं पर्व पावणेदोन तासांत कोंबलंय, आणि पृथ्वीची विद्या येणारे कितीतरी कैदी त्यात उघड्या मातीवर उभे आहेत, कोणाच्याही मनात पळून जायचं येत नाही. मूळ मालिकेत त्यांना समुद्रातल्या लोखंडी तुरुंगात ठेवलं होतं. भाच्याने हे पहिल्या झटक्यात पकडलं.